आणि इतर...

हिमोफिलिया म्हटलं की राणी व्हिक्टोरियाचं घराणं आठवतं. आपण जरा नाशिकचा विचार करू. समजा, इथली एखादी बाई वाहक आहे. तिला मुलगा झाला तर त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी! घराण्यातला नेमका जनुकदोष माहीत असेल, तर गर्भातच तपासता येतं.

फॅक्टर आठचं जनुक १९८४ मध्ये हाती लागलं. तीव्र 'ए' प्रकारच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत त्याचा एक तुकडा उलटा असतो, हे १९९३ मध्ये कळलं. बाकीचे दोष मात्र घरागणिक वेगळे. ते शोधण्याचं किचकट काम परळला, केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पीएचडीच्या मुलामुलींनीही केलं.

संदर्भ देताना यातली बहुतेक नावं 'आणि इतर'मध्ये जातात. असो. बग शोधणाऱ्यांचंही तसंच असतं, नाही का?