हिवतापाचे वाण

राजेरजवाड्यांच्या इतिहासात ज्वराला फार तर एका ओळीची जागा मिळते. पहिला बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने निवर्तला, एवढे आपल्या मुलांच्या पुस्तकांतही असते. तो ज्वर कोणत्या जातीचा होता हे कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी आज त्याचे उत्तर देता येणार नाही. ‘ज्वर’ हा शब्द एक, परंतु त्याच्या पोटी रोग अनेक. इतकेच नव्हे, तर त्या रोगांपैकी ज्याला आपण हिवताप म्हणतो, त्या एका रोगाच्या पोटीही पुन्हा अनेक भेद आहेत. हे भेद मनुष्याने कसकसे ओळखले आणि ते न ओळखल्यामुळे कोणावर कसा अन्याय झाला, हे खानदेशाच्या उदाहरणाने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सावदा हे गाव तापी नदी आणि सातपुडा यांच्या मधल्या काळ्याभोर जमिनीच्या पट्ट्यात वसलेले आहे. आज केळीच्या बागांमुळे ते सर्वांस ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात ते एका तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. येथून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी रांग दिसते, आणि त्या रांगेच्या पायथ्यापासून पालपर्यंतचा व त्यापलीकडचा मुलूख हा भिल्ल, तडवी, पावरा इत्यादी लोकांचा. पावसाळा सरून ओढे-नाले संथ वाहू लागले की त्या बाजूला हिवतापाचा जोर होई. मैदानातील माणूस त्या दिवसांत डोंगरात मुक्काम करण्यास धजत नसे. इंग्रजी अमलातील लेखांतही सातपुड्याच्या पायथ्याची गावे ज्वरग्रस्त म्हणूनच नमूद झाली आहेत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर भिल्लांच्या बंदोबस्ताचा प्रश्न उभा राहिला, आणि १८२५ मध्ये आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तिची कारणे मुख्यतः राजकीय होती हे खरे. परंतु ज्या रानात परका शिपाई आठवड्याभरात अंथरूण धरी, तेथे रानातलाच शिपाई उपयोगी पडतो, हा व्यावहारिक हिशेबही त्या कल्पनेस पोषक झाला असल्यास नवल नाही.

यातूनच एक समज रूढ झाला, तो असा की, भिल्लाला ताप बाधत नाही. त्याचे रक्तच निराळे. हा समज साहेबांपुरता मर्यादित नव्हता. आपल्या पांढरपेशा घरांतही तो सर्रास बोलला जाई. त्यात सत्याचा एक अंश आहे, पण जो अंश खोटा आहे तो फार घातक आहे. तो कोणता, हे कळण्यास प्रथम रोगाची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या वैद्यकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चातुर्थक असे पाच प्रकार मानले आहेत. लोकांच्या बोलण्यातही एकांतरा ताप निराळा आणि चौथ्या दिवशी उलटणारा निराळा. ही विभागणी केवळ घड्याळाची होती. परंतु ती किती मार्मिक होती हे पुढे दिसून आले. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला. थोड्याच वर्षांत इटलीत गोल्जी याने दाखविले की, तिसऱ्या दिवशीचा ताप आणणारा जंतू एक व चौथ्या दिवशीचा आणणारा दुसरा. तिसरा, सर्वांत घातक असा फाल्सिपेरम, त्यानंतर निश्चित झाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरात जंतू पाहिला, आणि रोग हवेने होतो की पाण्याने, हा शेकडो वर्षांचा वाद मिटण्याच्या मार्गास लागला.

येथवरचा इतिहास बहुतेकांस परिचित आहे. यापुढचा भाग तितकासा परिचित नाही. जंतूच्या जाती ठरल्या, तरी एका जातीचे सर्व जंतू सारखेच वागतात काय? या प्रश्नाचे उत्तर एका विलक्षण ठिकाणाहून आले. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगने उपदंशजन्य वेडावर उपाय म्हणून रोग्यांना मुद्दाम हिवताप देण्यास आरंभ केला. ताप चढवून वेड उतरविण्याचा हा उपचार पुढे युरोप-अमेरिकेत पसरला व त्याबद्दल त्यास १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रुग्णालयांतून जंतूंचे निरनिराळे वाण वर्षानुवर्षे जतन करून ठेवावे लागत. कोणी मादागास्करचा, कोणी हॉलंडचा, तर १९४४ नंतर कोणी न्यू गिनीत आजारी पडलेल्या सैनिकाचा. नावाने हे सर्व व्हायव्हॅक्स या एकाच जातीचे. पण हॉलंडच्या वाणाचा डास चावला तर ताप येण्यास कित्येकदा आठ-नऊ महिने लागत; न्यू गिनीचा वाण दोन आठवड्यांत ताप आणी आणि बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा उलटे. हॉलंडमधल्या डासांचा हंगाम थोडा. तेथे हिवाळाभर दडून बसणारा जंतूच टिकणार, हे त्यातले इंगित. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एका वाणाच्या तापातून उठलेल्या रोग्यास तोच वाण पुन्हा दिला तर त्याला फारसा ताप येत नसे. दुसरा वाण दिला की तो पुन्हा फणफणत असे.

हे असे का व्हावे? आमच्या भागातील वाचकांस केळीचे उदाहरण सहज पटेल. केळीचा मुनवा लावला की मूळ झाडासारखेच झाड येते. बसराईच्या मुनव्यातून बसराईच निघते. मनुष्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू असाच वाढतो. एकाचे अनेक होतात, पण वाण तोच राहतो. मात्र डासाच्या पोटात त्याचे नर-मादी रूप एकत्र येते. एकाच रोग्याच्या रक्तातून दोन वाण डासाच्या पोटी गेले तर त्यांचा संकर होऊन तिसराच निपजू शकतो. फाल्सिपेरमच्या बाबतीत असा संकर प्रयोगशाळेत घडवून त्याचा अभ्यास १९८७ मध्ये वॉलिकर व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. २००२ मध्ये या जंतूच्या १४ गुणसूत्रांवरील संपूर्ण लेख वाचला गेला. त्यात सुमारे ५,३०० जनुके आढळली. त्यांपैकी साठेक जनुके एकाच कामाची आहेत: रोग्याच्या तांबड्या पेशीवर आपला मुखवटा चढविणे. एक मुखवटा शरीराने ओळखला की जंतू दुसरा चढवितो. आणि प्रत्येक वाणाच्या पेटाऱ्यातील मुखवटे निराळे असतात.

आता भिल्लांविषयीच्या त्या समजाकडे वळू. सातपुड्यातील प्रौढ माणूस तापाला सहसा बळी पडत नसे, याचे मुख्य कारण त्याने लहानपणापासून तेथल्या वाणांचे बहुतेक मुखवटे एकेक करून ओळखलेले असत. ही ओळख फुकट झालेली नव्हती. तिची किंमत त्याच्या भावंडांनी दिलेली असे. कित्येक मुले ती ओळख पुरी होण्याआधीच जात, आणि जी राहत त्यांच्या पोटात वाढलेली पानथरी हाताला लागे. शिवाय ती ओळख ज्या त्या मुलखापुरतीच. ख्रिस्टोफर्स आणि बेंटली या दोघांनी १९०९ च्या मुंबईच्या वैद्यक परिषदेत दाखवून दिले की, रेल्वे, कालवे, मळे यांच्या कामावर दूरदूरचे मजूर एकत्र आणले की हिवताप भयंकर रूप धारण करतो. नव्या माणसास जुना वाण परका आणि जुन्या माणसास नवा वाण परका, असा दुहेरी मार तेथे बसतो, हे आज आपण अधिक स्पष्टपणे सांगू शकतो. ‘भिल्लाला काही होत नाही’ असे म्हणून त्याला औषधावाचून कामावर लावणे हे या दृष्टीने निव्वळ अज्ञान नसून अन्याय होता.

सत्याचा दुसरा अंश रक्ताविषयीचा. सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा दोष आढळतो. आई व बाप या दोघांकडून तो आला तर मूल दुर्धर आजारी होते. एकाकडूनच आला तर त्या मुलास फाल्सिपेरमच्या घातक तापापासून पुष्कळ संरक्षण मिळते, हे ॲलिसनने आफ्रिकेत १९५४ मध्ये दाखविले. परंतु हेही कवच अभेद्य नाही. गांबिया व केनिया येथील आजारी मुलांच्या रक्ताचा आणि त्यातील जंतूंचा एकत्र अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, जंतूच्या जनुकांत काही विशिष्ट फरक असलेले वाण सिकलसेलचे कवच भेदून जातात. भारतातील सिकलसेलचा घाट आफ्रिकेहून काहीसा निराळा असल्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावू नये. तथापि तत्त्व स्पष्ट आहे. रोगाचे स्वरूप केवळ रोग्याच्या रक्तावरून ठरत नाही, केवळ जंतूवरूनही नाही. दोघांच्या गाठीवरून ठरते.

औषधांचा इतिहास हेच सांगतो. क्विनीननंतर क्लोरोक्विन आले आणि डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम निघाली तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोट लोक आजारी पडत व आठ लाख दगावत असा अंदाज होता. १९६५ पर्यंत ही संख्या एक लाखाच्या आसपास आली. रोग गेला असे लोकांना वाटले, आणि हात सैल सुटला. १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर रोगी नोंदले गेले. मध्यंतरी १९७३ मध्ये आसामच्या कार्बी डोंगरांत क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम आढळला होता. या बंडखोरीचे मूळ २००० साली सापडले: जंतूच्या एका प्रथिनातील ४२४ घटकांपैकी ७६ वा घटक बदलला की, औषध जेथे साचून काम करते तेथून ते बाहेर लोटले जाते. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे लावतात, तसेच या स्थानाजवळच्या अक्षरांवरून वाणांची कुळे लावता येतात. ईशान्य भारतातील प्रतिकारक वाण आग्नेय आशियातील वाणांच्या कुळातला, तर उर्वरित भारतात प्रबळ झालेला पाठ त्याहून निराळा, पापुआ न्यू गिनीतील पाठाशी मिळणारा, असे त्यावरून दिसले. उलटपक्षी, आफ्रिकेतील मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन सोडले, तेव्हा दहा-बारा वर्षांत तेथे औषधाला बळी पडणारे वाणच पुन्हा प्रबळ झाले. शत्रूचे शस्त्र त्यालाही ओझ्याचे असते. गरज सरली की तो ते टाकतो.

यावरून घरोघर घेण्यासारखा बोध साधा आहे. तापाची गोळी दोन दिवस घेऊन, अंग निवाले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. व्हायव्हॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो, म्हणून त्यावर चौदा दिवसांचे औषध सांगितलेले असते. अर्धवट सोडले तर तो महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतो. फाल्सिपेरमवर आता एकाच वेळी दोन औषधे देतात, ती अशासाठी की, एकाला चकविणारा वाण दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा. येथेही मात्रा अपुरी पडली की दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. जणू आपण हाताने बियाणे निवडून दिले. आणि ते बियाणे निवडणाऱ्याच्या घरी राहत नाही. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, त्याच मार्गावर सावद्याचे स्टेशन आहे. माणसे आणि त्यांच्या रक्तातील वाण दोन्ही त्या वाटेने येतात-जातात.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार आज गडचिरोलीच्या रानावर आहे, आणि २०३० पर्यंत देशातून हा रोग घालविण्याचा संकल्प आहे. तो सिद्धीस जावा ही सर्वांची इच्छा. परंतु शेवटचे रोगी सर्वांत दूरच्या पाड्यांत असणार, आणि शेवटचे वाण सर्वांत चिवट असणार. त्या पाड्यांतील माणसांविषयी ‘त्यांना सवय आहे’ असे म्हणण्याचा मोह मैदानातल्या आपण लोकांनी या वेळी तरी टाळला पाहिजे. ती सवय म्हणजे काय आणि ती कोणाच्या जिवावर लागते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.