माडीचे उरलेसुरले : आपल्या पिढीजात धंद्यातील एक दुर्लक्षित पान

आपल्या भंडारी ज्ञातीच्या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एक मत असे की, भांडाराचा रक्षक तो भांडारी. दुसरे मत असे की, संस्कृत कोशातील ‘मण्डहारक’ या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. पहिली व्युत्पत्ती आपल्या सभा-संमेलनांतून अभिमानाने सांगितली जाते. दुसरी सहसा कोणी उच्चारीत नाही, कारण मण्डहारक म्हणजे मद्य गाळणारा. परंतु ‘मण्ड’ या शब्दाचा अर्थ जरा बारकाईने पाहिला तर निराळीच गोष्ट ध्यानी येते. मण्ड म्हणजे आंबलेल्या किंवा शिजलेल्या पदार्थावर येणारा फेस, पेज, निवळ. मुख्य वस्तू निराळी काढल्यावर जे मागेपुढे राहते तेही ज्याच्या हाती असते, असा हा मण्डहारक. प्रस्तुत लेखात या उरल्यासुरल्या वस्तूंचाच थोडा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आजच्या गिरगाव-दादरच्या तरुण पिढीला खरे वाटणार नाही, पण मुंबई बेटाचा मोठा भाग एके काळी माडांच्या वाड्यांनी व्यापलेला होता. माहीम, दादर, गिरगाव, माझगाव येथील या वाड्यांना इंग्रजी दप्तरात ‘ओर्ट’ म्हणत; पोर्तुगीजांच्या ‘होर्ता’ या शब्दाचे ते रूप. गिरगावातील वाड्यांची नावे त्या काळाची साक्ष आजही देतात. ताडदेव या नावात ताड आहे, आणि माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीला तर आपल्याच ज्ञातीचे नाव आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर आँजियर याने मुंबईच्या रक्षणासाठी जे लोकदळ उभारले त्यात भंडाऱ्यांचा भरणा मोठा होता, हे आपल्या स्मरणिकांतून वारंवार येऊन गेले आहे. लढाईचा प्रसंग क्वचित येई. माडावर चढणे मात्र रोजचेच होते.

माडाची पोय उमलण्यापूर्वी बांधून, हलक्या हाताने ठोकून, तिचे टोक कोयतीने रोज नवे कापावे लागते. दिवसातून दोन-तीन वेळा चढावे तेव्हा मडके भरते. पोय कापली की त्या पोयीला नारळ धरत नाही. म्हणून हा धंदा करणारा प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवी. ताज्या रसात शेकडा सुमारे 12 ते 15 भाग साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही; ती नीरा होय. ती आटविली की माडाचा गूळ होतो. चुना न लावल्यास हवेतील व मडक्यातील सूक्ष्म किण्व काही तासांतच रस आंबवू लागते आणि दिवस कलेपर्यंत त्यात शेकडा 4 ते 6 भाग मद्यार्क होतो. ही झाली माडी.

आता उरलेसुरले पाहू. जी माडी त्या दिवशी खपली नाही ती दुसऱ्या दिवशी पिण्यास आंबट होई. परंतु ती ओतून देणारी गृहिणी आपल्या घरांत नव्हती. बरणीचे तोंड फडक्याने बांधून ती काही आठवडे तशीच ठेवीत, की दुसऱ्या जातीचे सूक्ष्म जंतू मद्यार्काचे अम्ल करीत आणि उत्तम शिरका तयार होई. लोणच्याला व मासळी टिकविण्याला हा शिरका उपयोगी पडे. गोमंतकातील आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील स्वयंपाक आजही या शिरक्यावाचून अपुरा समजला जातो.

मडक्याच्या तळाशी पांढुरका साका बसे. त्यात किण्व ठासून भरलेले असे. हाच साका, किंवा फेसाळ ताजी माडी, पिठात घातली की पीठ फुगे. गोमंतकातील सांनां आणि ईस्ट इंडियनांचे फुगे याच माडीने हलके होत. मुंबईत पाव आणला तो पोर्तुगीज संस्कृतीत वाढलेल्या गोवेकर भटारी लोकांनी, आणि कारखान्यातील यीस्ट सुलभ होण्यापूर्वी त्यांचे खमीर म्हणजे माडीच. म्हणजे भल्या सकाळी ज्या पावाने मुंबईकराची न्याहारी होई, त्या पावामागे माडावर चढलेला एखादा भंडारी उभा असे. खोटाच्या वाडीसारख्या वस्तीत हिंदू आणि ख्रिस्ती घरे शेजारी शेजारी नांदली. आपल्या मडक्यातील साका हा त्या शेजारधर्माचाही एक धागा होता असे म्हणण्यास हरकत नाही.

माडाच्या वाळलेल्या पोयी चुलीत जात, झावळ्यांचे झाप विणले जात आणि हिरांचे खराटे होत. ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले आंबवून दारू गाळीत, तेथे मागे राहिलेला चोथा गुरांपुढे पडे, आणि मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरलेली पेंड खताला जाई. दारू पिणाऱ्याच्या घराची धूळधाण होते ही गोष्ट खरी आहे आणि ती आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु त्याच मडक्यातून गूळ, शिरका आणि खमीरही निघे, व ही दुसरी बाजू बहुधा स्त्रियांच्या हाती असे. इतिहासात नोंद झाली ती मात्र केवळ पहिल्या बाजूची.

1878 साली मुंबई अबकारी कायदा झाला. झाडागणिक कर आणि परवाना सक्तीचा झाला. गाळण्याची घरगुती भट्टी गुन्हा ठरली, आणि मद्याचे उत्पादन मक्तेदारांच्या हाती एकवटत गेले. 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जी फुले दुष्काळात गरिबांचे अन्न होती, ती आता पंचनाम्याचा विषय झाली. शिवाय मुंबईत 1854 साली ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली होती; 1898 नंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनांनी उरल्यासुरल्या वाड्याही रस्त्यांखाली व चाळींखाली गेल्या. माडावरून उतरलेले आपले कित्येक पूर्वज परळ-लालबागच्या गिरण्यांत साच्यावर उभे राहिले. अशा कामगारांसाठी आपल्या ज्ञातीचे रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 1909 साली कामगार हितवर्धक सभा स्थापिली, ही गोष्ट याच स्थित्यंतराशी जोडून वाचली पाहिजे.

याच परळ भागात उरल्यासुरल्याचे महत्त्व जगाला शिकविणारी एक घटना घडली, ती आमच्या मते प्रत्येक घरात सांगितली जावी. 1928 साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गरोदर स्त्रियांना, त्यातही गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना, एक भयंकर पांडुरोग होत असे व त्यात कित्येकींचा अंत होई. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत संशोधन केले. रोगाचे मूळ जंतूत नसून निकृष्ट आहारात आहे असे त्यांना दिसून आले. त्यांनी प्रथम माकडांवर व मग रोगी स्त्रियांवर जो उपाय करून पाहिला तो होता ‘मार्माइट’ नावाचा स्वस्त अर्क. 1902 साली इंग्लंडात निघालेला हा पदार्थ म्हणजे दुसरे काही नसून बिअर तयार झाल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेल्या किण्वाचा अर्क! रोगी स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या, आणि 1931 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. आज गरोदर स्त्रीला पहिल्या महिन्यापासून ज्या गोळ्या देतात त्यांचा उगम येथे आहे. माडीच्या साक्याने तो रोग बरा होई असा दावा आम्ही करीत नाही. परंतु साका आणि मार्माइट ही एकाच कुळातील भावंडे आहेत. ज्याला आपण गाळ म्हणून नाक मुरडतो, तसल्याच गाळातून मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांचे प्राण वाचविणारे औषध निघाले, एवढे ध्यानी घेतले तरी पुरे.

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 साली शहरात पूर्ण दारूबंदी झाली. या कायद्याने जुना अबकारी कायदा मोडीत काढला. ताडी-माडीवर बंधने आली तेव्हा पिणाऱ्याच्या पेल्याबरोबर स्वयंपाकघरातील खमिराचे मडकेही गेले. पाववाले यीस्टकडे वळले. शिरका बाटलीतून विकत येऊ लागला. खादी-ग्रामोद्योगाच्या पुरस्कर्त्यांनी नीरा व ताडगूळ यांना आश्रय दिला, आणि रेल्वे स्थानकांवरील नीरा केंद्रे मुंबईकरांच्या परिचयाची झाली, हा त्यातला समाधानाचा भाग. दुसरीकडे चोरट्या हातभट्ट्या बोकाळल्या. त्यांत माडाचा निर्मळ रस नव्हता. काळा गूळ आणि नवसागर होता, पुढे तर विषारी मिथेनॉलही आले. 2015 साली मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. घरी गाळण्याचा प्रयोग आज कोणीही करू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय प्राणघातकही आहे. आमचे म्हणणे निराळे आहे.

आम्ही शिक्षकी पेशात असताना वडिलोपार्जित धंद्याचा प्रश्न निघाला की आपल्या ज्ञातीची मुले खाली मान घालीत. कोणी ‘शेती’ म्हणे, कोणी गप्प राही. सुधारणेच्या ओढीने आपण धंदा सोडला हे योग्यच झाले. पण धंदा सोडताना त्यातील ज्ञानाचीही लाज वाटू लागली, हे योग्य झाले नाही. शेजारच्या गोमंतकाने आपल्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले. आपल्याला मात्र आजीच्या शिरक्याची बरणी कोणत्या कोनाड्यात असे हेही सांगता येत नाही. साका किती घालावा, बरणी किती दिवस हलवू नये, गूळ केव्हा उतरवावा, हे सर्व ज्यांना ठाऊक होते त्या स्त्रियांपैकी फार थोड्या आता हयात आहेत.

म्हणून ज्ञातिबंधु-भगिनींना आमची विनंती आहे की, घरात कोणी नव्वदीच्या जवळ आलेल्या आजी, मावशी, आत्या असतील तर येत्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. त्या काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे, आणि ते संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावे. आपल्या मुलांनी आपण मण्डहारकांचे वंशज आहोत हे मान वर करून सांगावे असे वाटत असेल, तर काय सांगावयाचे ते आधी त्यांच्या हाती दिले पाहिजे.