दिनविशेष : 4 फेब्रुवारी
2021 : उशिरा भडकलेला गॅमा किरण स्फोट

4 फेब्रुवारी 2021 रोजी फर्मी उपग्रहाने जीआरबी 210204ए या गॅमा किरण स्फोटाची नोंद केली. त्याचा प्रकाश सात अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला होता. लडाखमधील हानले येथील 70 सेंटिमीटरच्या 'ग्रोथ-इंडिया' दुर्बिणीने त्याच्या विझत जाणाऱ्या दृश्य प्रकाशाचा पाठलाग केला. पवईची आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था ही दुर्बीण चालवतात. स्फोटानंतर सुमारे नऊ आणि तेरा दिवसांनी तो प्रकाश पुन्हा उसळला. इतका उशिरा झालेला भडका तोवर नोंदला गेला नव्हता.

हा भडका म्हणजे मागाहून दिसू लागलेला अतिनवतारा असेल, ही शंका रास्त होती. पण एवढ्या अंतरावर ती शक्यता फारच कमी ठरली. स्फोटातून मागाहून आलेल्या वेगवान द्रव्याने पुढच्या द्रव्याला धडकून नवी ऊर्जा दिली, हे स्पष्टीकरण अधिक पटते. खराब हवामानामुळे पुरेशा रंगांतील निरीक्षणे मिळाली नाहीत, म्हणून ते निर्विवाद नाही. मात्र खरे महत्त्व वेगळेच आहे. मूळ स्फोट अगदी सर्वसाधारण होता. तेव्हा असे भडके दुर्मीळ नसतील. आठवड्यानंतर त्या दिशेला पाहणारेच कमी असतील. असा उशिरापर्यंतचा पाठलाग मोठ्या दुर्बिणी अधिक नेमकेपणाने करतील हे खरे, परंतु त्यांचा वेळ अनेकांत वाटलेला असतो. रोज त्याच बिंदूकडे वळण्याची सवड छोट्या, स्वयंचलित दुर्बिणीलाच असते. विद्यापीठांनी अशा दुर्बिणी उभारायलाच हव्यात.