चाकाच्या आकाराची मूठ

मंडळी, आपण किन्हीराजात बसलोय. इथं विमानाचं काय काम? पण ऐका. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं सुखरूप उतरायची. मग वैमानिक फ्लॅप मिटवायला हात घालायचे आणि चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. ठपका एकच: वैमानिकाची चूक.

१९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिलं. दोन्ही खटके सारखे, शेजारी-शेजारी! त्यांनी एकावर रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर पाचर. न बघताही हाताला फरक कळू लागला. पुढे चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ हवी, हे अमेरिकेच्या हवाई नियमांतच आलं.

आपण मात्र मळणीयंत्रात कुणाचा हात गेला की अजून म्हणतो, ‘लक्ष नव्हतं त्याचं.’ आता यंत्रालाही जाब विचारूया.