अमोनाइटांच्या आहाराचा पुरावा

गंडकीच्या पात्रातील शाळिग्रामाच्या रूपाने अमोनाइट या लुप्त सागरी मृदुकाय प्राण्याचा अवशेष भारतात पिढ्यान्‌पिढ्या देवघरात पूजिला गेला आहे. हा प्राणी खात काय असे, या प्रश्नाचे उत्तर मात्र फार उशिरा, आणि तेही त्रोटकच, मिळाले.

अमोनाइटाच्या शंखात पुष्कळदा दोन जुळ्या चुनखडी पट्टिका आढळत. एकोणिसाव्या शतकात त्यांना ‘ॲप्टिकस’ हे नाव पडले. कोणी त्यांना द्विपुट शिंपले मानले, तर कोणी शंखमुखाचे झाकण. झाकणाचा तर्क दीर्घकाळ टिकला, कारण पट्टिका शंखमुखाशी चांगल्या जुळत. आकार जुळला की कार्य कळले, असे समजण्याचा मोह जीवाश्मशास्त्रास नेहमीच पडतो. १९६७ मध्ये उलरिक लेमान यांनी लायस काळातील नमुन्यांत जबडा आणि रॅड्युला, म्हणजे दातांच्या रांगांचा पट्टा, यांचे एकत्र वर्णन केले. ॲप्टिकस हा खालचा जबडा होय, हे मत पुढे रूढ झाले. तथापि झाकणाची कल्पना निर्मूल ठरली नाही. १९९० मध्ये खुद्द लेमान यांनीच कुलित्स्की यांच्यासह दोन्ही कार्यांचा पुरस्कार केला.

जबडा सापडला म्हणून भक्ष्य सापडले असे नव्हे. शंखात कवचधारी प्राण्यांचे तुकडे मिळाले, तरी ते आश्रयास आलेल्यांचे असू शकतात. फ्राये व येगर यांनी १९९५ मध्ये अशा आश्रितांची उदाहरणे दिली, आणि १९९७ मध्ये त्याच दोघांनी हार्पोसेरासच्या आहाराचे विवेचन केले. ही सावधगिरी अनुकरणीय आहे.

निर्णायक पुरावा २०११ मध्ये पुढे आला. इझाबेल क्रुता, नील लँडमन व सहकाऱ्यांनी ग्रनोब्ल येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी, नमुना न फोडता, उत्तर क्रिटेशस काळातील बॅक्युलाइट्सचे मुख तपासले. एका नमुन्याच्या जबड्यांत गोगलगाईच्या डिंभाचा चिमुकला शंख व सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे अवशेष होते. त्यांपैकी एक तर तुटलेला होता. असे तुकडे त्या नमुन्यात अन्यत्र नव्हते, म्हणून ते मृत्यूनंतर शिरलेल्यांचे नसून अखेरचा घास असावेत, हा निष्कर्ष सबळ वाटतो.

यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या विलोपाचाही एक तर्क निघाला: प्लवकांचा संहार होताच प्लवकभक्षी अमोनाइट उपाशी पडले असावेत, तर नॉटिलसचे कुळ तगले. परंतु बॅक्युलाइट्सचा शंख बव्हंशी सरळ होता. त्याच्या मुखातील घासावरून सर्व कुंडलाकृती जातींचे भक्ष्य ठरविणे घाईचे होईल.