भट्टीतून वाचलेले तांबे

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींतले ताम्रखनिज गलबतांतून वेल्समधील स्वान्सीच्या भट्ट्यांकडे जाई. क्युप्राइटच्या शंभर भागांत सुमारे ८९ भाग तांबे, बाकी प्राणवायू. असा माल न वितळवता कोण ठेवील? फिलिप रॅशली (१७२९–१८११) या जमीनदाराने ठेवला. त्याचा खनिजसंग्रह आज ट्रुरोच्या संग्रहालयात आहे. माणकासारख्या या स्फटिकांना त्याच्या काळी नुसते तांबडे ताम्रखनिज म्हणत. क्युप्राइट हे नाव हायडिंगरने १८४५ साली दिले. माझ्या औषधपेटीतले क्युप्रम कोणत्या खाणीतले, हे बाटली सांगत नाही. रॅशली मात्र आपल्या यादीत नमुन्यापुढे खाणीचे नाव लिही. त्या खाणी केव्हाच बंद पडल्या. आमच्या आजीचे तांब्याचे घंगाळ मोडीत गेले, तेव्हा ते कुठल्या तांबटाने घडवले होते, हे कोणीच टिपून ठेवले नव्हते.