सायकलच्या सांगाड्याचे पदार्थ

सायकलचा सांगाडा (फ्रेम) बनवण्यासाठी मुख्यतः पोलाद, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, टायटॅनियमचे मिश्रधातू आणि कार्बन तंतूंचे संमिश्र हे चार पदार्थ वापरले जातात. खडबडीत वाटा, डोंगरउतार किंवा ओझ्यासह लांबचा प्रवास अशा खडतर वापरात सांगाडा किती टिकेल, हे केवळ पदार्थाच्या बळावर ठरत नाही. वारंवार येणाऱ्या ताणांना तो कसा तोंड देतो, मोडण्यापूर्वी इशारा देतो की नाही आणि त्याची दुरुस्ती शक्य आहे की नाही, यांवरही ते अवलंबून असते.

टिकाऊपणाचे निकष

अपघात वगळता सांगाडा सहसा एकाच मोठ्या भाराने मोडत नाही. पायडलावरील प्रत्येक दाबाबरोबर आणि रस्त्यावरील प्रत्येक धक्क्याबरोबर त्याच्या नळ्या किंचित वाकतात व पूर्ववत होतात. हे चक्र लक्षावधी वेळा घडल्यावर एखादी सूक्ष्म भेग निर्माण होऊन वाढत जाते. या प्रक्रियेस धातूचा शिणवटा म्हणतात. पोलाद व टायटॅनियम यांमधील ताण ठरावीक मर्यादेखाली राहिल्यास व्यवहारतः कितीही चक्रे झाली तरी भेग पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुस्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणांचाही परिणाम साचत जातो.

पोलाद, टायटॅनियम व ॲल्युमिनियम यांची घनता दर घन सेंमी.ला अनुक्रमे सुमारे ७.८५, ४.५ व २.७ ग्रॅम, तर यंगचा गुणांक सुमारे २००, १०५ व ७० गिगापास्कल असतो. म्हणजेच धातू जितका हलका, जवळपास तितकाच तो कमी ताठर असतो. ही उणीव नळीचा व्यास वाढवून भरून काढतात. भिंतीची जाडी तीच ठेवून पातळ नळीचा व्यास दुप्पट केल्यास तिची वाकण्याविरुद्धची ताठरता सुमारे आठपट होते.

पोलाद

भारतातील पारंपरिक काळ्या सायकलींचे सांगाडे साध्या पोलादाचे असतात. उत्तम प्रतीच्या सांगाड्यांसाठी क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले ‘क्रोमोली’ पोलाद वापरतात. टोकांना जाड व मध्ये पातळ अशा नळ्यांचे एकस्व इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ मध्ये घेतले. याच कंपनीचे मँगॅनीज व मॉलिब्डेनमयुक्त ‘५३१’ हे पोलाद १९३५ मध्ये बाजारात आले. ते अनेक दशके शर्यतीच्या सायकलींमध्ये वापरले जात होते.

पोलाद मोडण्यापूर्वी बहुधा वाकते आणि त्यातील भेग हळूहळू वाढते, त्यामुळे बिघाड वेळीच लक्षात येण्याची शक्यता अधिक असते. वेल्डिंगची सोय असलेल्या साध्या कार्यशाळेतही त्याची तात्पुरती दुरुस्ती होऊ शकते. म्हणूनच दूरच्या प्रदेशांतून ओझे घेऊन फिरणारे अनेक सायकलस्वार आजही पोलादास पसंती देतात. वजन आणि नळ्यांच्या आतून लागणारा गंज हे त्याचे दोष होत. गंज टाळण्यासाठी नळ्यांच्या आत तेल किंवा मेणयुक्त लेप देतात.

ॲल्युमिनियम

अमेरिकेतील गॅरी क्लाइन यांनी १९७० च्या दशकात मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्यांचे सांगाडे विकसित केले. असे सांगाडे हलके व ताठर असतात आणि त्यांना पोलादासारखा गंज चढत नाही. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेमुळे सांध्यालगतचा धातू मऊ पडतो. त्यामुळे ६०६१ या मिश्रधातूच्या सांगाड्यावर जोडकामानंतर पुन्हा उष्णतासंस्कार करावा लागतो. भेगाळलेला सांगाडा नुसता वेल्डिंग करून वापरणे याच कारणाने धोक्याचे ठरते.

टायटॅनियम

सांगाड्यासाठी सामान्यतः ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात. तो गंजत नाही, त्यामुळे रंगाची गरज नसते आणि त्याची शिणवटा सोसण्याची क्षमताही उत्तम असते. तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ बनते, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या आतून व बाहेरून आर्गॉन वायूचे आवरण ठेवावे लागते. परिणामी हे सांगाडे महाग असतात आणि त्यांची दुरुस्ती विशेषज्ञांकडूनच करावी लागते.

कार्बन तंतू

कार्बन तंतूंचे थर इपॉक्सी राळेने बांधून हा सांगाडा घडवतात. तंतूंची दिशा बदलून हवे तेथे बळ देता येते. वारंवार येणाऱ्या ताणांना तो चांगला तोंड देतो, परंतु दगडाचा किंवा पडण्याचा टोकदार आघात त्यास घातक ठरतो. अशा आघाताने आतील थर सुटे होऊनही पृष्ठभाग अखंड दिसू शकतो आणि पुढे सांगाडा अचानक मोडू शकतो. म्हणून मोठ्या आघातानंतर त्याची तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते. कार्बनचे सांगाडेही दुरुस्त करता येतात, परंतु ते कौशल्याचे काम आहे.

चाचण्या व निवड

आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार सांगाड्याची आघात व शिणवटा यांसाठी चाचणी घेतात. पायडलावरील भाराच्या चाचणीत १,००,००० चक्रे पूर्ण करावी लागतात. जर्मनीतील ‘टूर’ या नियतकालिकाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही ॲल्युमिनियम व कार्बनचे सांगाडे न मोडता टिकले, तर पोलाद व टायटॅनियमच्या सांगाड्यांना भेगा पडल्या. रचना आणि जोडकाम यांचे महत्त्व पदार्थाइतकेच असते, हे यातून दिसून आले.

दुर्गम प्रवासासाठी दुरुस्तीची सोय पाहता पोलाद, दमट व खाऱ्या हवेत टायटॅनियम, मर्यादित खर्चात हलकेपणासाठी ॲल्युमिनियम आणि शर्यतीसाठी कार्बन, अशी निवड सामान्यतः केली जाते. पदार्थ कोणताही असला तरी सांध्यांजवळील व पायडलांच्या कण्यालगतच्या भागांची नियमित पाहणी आवश्यक ठरते.